भिंतीवरची तारीख

मैत्रिणींनो, आज दुपारी आरोग्य केंद्राची आशाताई तापाची चौकशी करायला घरी आली आणि जाताना दारापाशी खडूने तारीख लिहून गेली. मला त्र्याहत्तर साल आठवलं.

तेव्हा मी पुणतांब्याजवळ सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमचे मलेरियावाले शिंदे घरात न शिरताच भिंतीवर भेटीची तारीख टाकतात, असा मला दाट संशय. एके दिवशी मी त्यांच्या मागोमाग घरं तपासत निघाले.

तिसऱ्या घरातली म्हातारी म्हणाली, "त्यो पंधरा दिसाला येतो, ताप इचारतो. त्याची तारीख भिंतीवर हाय. तुमची कुठं हाय, नर्सबाई?"

पुढच्या फेरीपासून मी आणि शिंदे बरोबर फिरू लागलो.

पण खोड गेली नाही. आज आशाताईची तारीखही मी कॅलेंडरशी ताडून पाहिली. तुम्हीही कामावर कुणावर अशी पाळत ठेवता का?