सुईणीला घातलेली भीती

पांढरकवड्याकडच्या एका गावात मी सरकारी नर्स होते, तेव्हाची गोष्ट. कापसाला भाव नव्हता, मजूर लावणं परवडत नव्हतं. दिवस भरत आलेल्या बायाही पोटाखाली कापूस टाकायची ओटी बांधून वेचणीला जात. बाळंतपणं दवाखान्यातच झाली पाहिजेत, असं आम्हाला वरून बजावलं जाई, आणि मला ते मनापासून पटत होतं. घरी बाळंत झालेली एक बाई रक्त जाऊन माझ्या डोळ्यांदेखत गेली होती.

गावात एक म्हातारी सुईण होती. अर्ध्या गावाची नाळ तिनेच कापलेली, ती माझं कशाला ऐकते! एकदा चिडून मी म्हणाले, "आजी, यापुढं कोनाले हात लावला तं जेल होईन. कायदा आला हाये."

असा कायदा नव्हता. जेलचं मी पदरचं घातलं. वर एका कोऱ्या कागदावर तिचा अंगठाही घेतला.

त्याच वेचणीत एका पहिलटकरणीला शेतातच कळा सुरू झाल्या. मी मीटिंगला तालुक्याला गेले होते, दवाखान्याची जीप दुसऱ्या गावी. बायांनी तिला बैलगाडीतून घरी आणलं आणि सुईणीला हाक मारली. सुईण आली, पण उंबरठ्याबाहेरच बसली. सासूने पाय धरले तरी उठली नाही. "मी अंगठा देल्ला हाये," एवढंच म्हणत राहिली.

दुपारच्या एसटीने मी परतले तोवर सगळं आटोपलं होतं. आई वाचली. बाळ पायाळू होतं, डोकं अडकून गेलं.

दवाखानाच बरा, हे मी आजही म्हणेन. पण जीप नसेल तेव्हा काय करायचं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. खरं तर मलाही ते सुचलं नव्हतं.

तिच्या घरी जायला मला आठ दिवस लागले. लाज होती, आणि नोकरीची धास्तीही होती. ती अंगणात तूर पाखडत होती. मी म्हणाले, "आजी, तसा कायदा नाही. मी खोटं बोलली."

मला वाटलं, शिव्या घालेल. तिने सूप खाली ठेवलं.

"पायाळू मी लय काढले, बाई," ती म्हणाली. "त्याचे पाय मले दारातून दिसत होते. हलून राह्यले होते."