मेंढ्यांचे शब्द आणि आठ मिनिटं

बायको गेल्यावर तिच्या टेबलाला मी हात लावला नव्हता. संगणक मात्र रोज सुरू करत होतो. वर्षश्राद्धाला तीन महिने उरले होते आणि त्या दिवशी वाटायला मला तिची शब्दांची यादी छापून हवी होती.

लोणीकडच्या मेंढपाळ घरांतून तिनं बरीच वर्षं शब्द गोळा केले. मेंढीच्या रंगाचे, कानांचे, चालीचे, दुखण्यांचे. ती शिक्षिका होती. शाळेला सुट्टी लागली की ती आमच्या शिनोलीहून एसटीनं जायची आणि वही भरून आणायची. वहीत असायचं ते खुणेपुरतं. अर्थ आणि उदाहरणं ती संगणकावर टाइप करतानाच भरायची. टायपिंगचा प्रोग्रॅम जुना होता, त्याचा फॉन्ट फक्त याच मशीनवर. फाइल दुसरीकडे उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा चिवडा दिसे. म्हणजे हे मशीन गेलं की यादी गेली.

अशात स्क्रीनवर सूचना आली, फर्मवेअर आणि ड्रायव्हर अपडेट करा. बायको असली कामं कधी मागे ठेवत नसे, म्हणून मीही बटण दाबलं. मशीन दोनदा बंद होऊन सुरू झालं. सगळं ठीक वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कंपनीचं चिन्ह आलं आणि तिथंच राहिलं. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं. रोज तेवढीच. तेवढ्यात माझा चहा होई. एखाद्या दिवशी हे चिन्ह पुढे सरकलंच नाही तर, एवढंच डोक्यात.

इंटरनेटवर वाचून मी एकेक उपाय केला. आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम बंद केले. ड्रायव्हर पुन्हा जुने टाकले. फरक नाही. शेवटी संगणकाचा डबा स्कूटरच्या पुढ्यात ठेवून घोडेगावला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. चाळिशीचा, सावकाश बोलणारा माणूस.

"फॉरमॅट मारू. डेटा काढून देतो की तुमचा," तो म्हणाला.

मी फॉन्टचं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि डबा आपल्या स्क्रीनला जोडला. सुरू व्हायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"काका, तक्रार काय व्हती म्हणालात?"

मी ओशाळून घरी आलो. घरी पुन्हा आठ मिनिटं. आठवड्यानं परत गेलो, तिथं पुन्हा मिनिटाच्या आत.

"ह्याला माझ्याकडं लई बरं वाटतंय, राव. तुमच्याकडं करमत न्हाई," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "घरी काय काय जोडलंय ते बघायला पायजे. रविवारी सासुरवाडीला निघालोय, वाटेत येतो."

रविवारी त्यानं खुर्ची बाजूला सारली आणि टेबलाखाली बसला. आधी प्रिंटर काढला, मशीन पुन्हा सुरू केलं. आठ मिनिटं. मग स्पीकर. पुन्हा तेच. आम्ही दोन वेळा चहा घेतला. मग त्याला टेबलामागे चिकटपट्टीनं चिकटवलेली यूएसबीच्या खाचांची पट्टी दिसली. डबा दुकानात नेताना तिची वायर मी दोन्ही वेळा उपसली होती, त्यामुळे पट्टी घरीच राहिली होती. चिकटपट्टी बायकोनं लावलेली. तो माझ्याकडे बघत थांबला. मी म्हटलं, काढा.

पट्टीच्या एका खाचेत अंगठ्याएवढं काळं बोंडुक खोचलेलं होतं.

"पेनड्राइव्ह हाय का?"

"माहीत नाही. ती बघायची हे सगळं."

ते काढलं आणि मशीन झटकन सुरू झालं. मी आनंदानं यादी उघडायला गेलो, तर प्रोग्रॅमच उघडेना. किल्ली सापडत नाही, असा संदेश आला. दुरुस्तीवाला ते बोंडुक उलटंसुलटं करून बघत होता. मग हसला.

"काकूंच्या प्रोग्रॅमला कुलूप हाय. हीच त्याची किल्ली. मागं प्रोग्रॅमबरोबरच अशा यायच्या."

त्यानं ती परत लावली आणि फर्मवेअरची पानं उघडून मला दाखवली. अपडेटनं जुनी मांडणी पुसली होती. मशीन सुरू होताना आधी यूएसबीवर शोधायचं, मग आतल्या डिस्कवर, असा नवा क्रम लागला होता, आणि ते या किल्लीकडे उत्तर मागत बसत होतं. त्यानं डिस्क पहिली केली. मशीन सुरू झालं, किल्ली जागेवर, यादी उघडली. 'बांडी', म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिगळांची मेंढी, या शब्दाचं पान समोर आलं.

निघताना पायात चपला घालत तो म्हणाला, "पण काका, ही किल्लीच गेली तर?"

मग त्यानंच सांगितलं की जुना मजकूर आजच्या युनिकोडमध्ये बदलता येतो, मग तो कुठल्याही मोबाइलवर दिसतो. त्याच आठवड्यात मी ते काम घेतलं. बदलताना जोडाक्षरं फुटत, रफार भलत्या अक्षरावर बसे. एकेक ओळ जुन्या पानाशी ताडून पाहायची. दोन महिने गेले. इतके दिवस सलग तिचं लिहिणं मी कधी वाचलं नव्हतं. मेंढी लंगडते कशी याचे तिनं चार प्रकार नोंदवले होते, आणि चौथ्यापुढे 'हे मी स्वतः पाहिलं' असं लिहिलं होतं.

वर्षश्राद्धाच्या आधी प्रती छापून आल्या. श्राद्धाच्या दिवशी लोणीहून ज्यांनी तिला पहिले शब्द सांगितले ते म्हातारबाबा आले, सोबत त्यांची भावजय. बाबा अंगठा फिरवत मोठ्यानं वाचू लागले. चौथ्या पानावर भावजयीनं थांबवलं.

"आमच्यात असं न्हाई म्हणत."

"तुमच्यात म्हंजे कुठं? चाळीस वर्सं आमच्याच घरात हाय तू."

"माझ्या माहेरी. बाईंनी मला इचारलंच न्हाई ते."

मी पेन आणलं आणि तिच्या माहेरचा शब्द समासात लिहून घेतला. बाबांना तो पटला नाही. आत जेवणाची पानं मांडून झाली होती, पण यादी सोडून उठायला कोणी तयार नव्हतं.