सहा शनिवार आणि हौसाबाईंचा प्रश्न

प्रा. शरयू मथुरे बाईंची आणि माझी पहिली ओळख वादावादीतूनच झाली. आठ वर्षांपूर्वी पनवेलच्या एका महाविद्यालयात विद्यापीठाचा ‘कर आणि न्याय’ हा सहा शनिवारांचा अभ्यासक्रम बाई शिकवत होत्या. मी एका सरकारी कर कार्यालयात कारकून. बढतीच्या यादीसाठी असे प्रमाणपत्र जोडले तर बरे, म्हणून मी नाव घातले. शिकण्याचा विचार मनात नव्हता, हे बाईंच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने कबूल करून टाकतो.

पहिल्याच तासाला बाईंनी विचारले, “आज सकाळपासून तुम्ही कोणकोणता कर भरलात?” वर्गात बहुतेक पनवेल-खारघरचे नोकरदार. मी उभा राहून ठणकावले, “कर भरतो आम्ही पगारदार, मॅडम. बाकी सगळे आमच्या जिवावर!” टाळ्या पडल्या. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझे वाक्य फळ्यावर लिहिले, आणि मग दर शनिवारी आल्या आल्या ते पुन्हा लिहीत राहिल्या. तिसऱ्या शनिवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

बाईंची शिकवण्याची रीत अशी, की स्वतःचे मत कधी पुढे करायचे नाही. वर्गात एक व्यापारी गृहस्थ होते. कर वाढवला तर धंदा कोण करील, हे त्यांचे म्हणणे बाईंनी त्यांच्यापेक्षाही मुद्देसूद मांडून दाखवले. ते खूश झाले. मग बाई म्हणाल्या, “साबणाची वडी तुम्ही घ्या किंवा वीटभट्टीवरच्या बाईला घेऊ द्या, कर तेवढाच. जड कोणाला?” गृहस्थ बराच वेळ चष्मा पुसत बसले.

शेवटी प्रत्येकाने निबंध लिहायचा होता. मी शिरढोणच्या पुढे डोंगराकडेला असलेल्या वाडीतल्या मजुरांवर लिहिला, मथळा ‘कर न भरणारी कुटुंबे’. लिहिला घरी पंख्याखाली बसून. कागद गुणांशिवाय परत आला. खाली लाल शाईत चारच शब्द होते : “यांना तुम्ही भेटलात का?”

माझे धाबे दणाणले. प्रमाणपत्र नाही म्हणजे यादीत नाव नाही. “बाई, आठवड्याभरात यादी बंद होते हो,” मी काकुळतीला आलो.

“मग उद्याच जाऊ या,” बाई म्हणाल्या.

‘जा’ नव्हे, ‘जाऊ या’. सदुसष्टाव्या वर्षी, पाण्याची बाटली आणि छत्री घेऊन, त्या पळस्पे फाट्यावर माझ्याआधी येऊन उभ्या होत्या.

वाडीत हौसाबाई भेटल्या. वीटभट्टीवर मजुरी करणाऱ्या, माझ्याच वयाच्या. मी कार्यालयातल्या चढ्या आवाजात कराचे विचारताच हसल्या. “आमी नाय भरत. आमाला कोन इचारतो?” बाईंनी त्यांना बाजाराची पिशवी आणायला सांगितली. साबण, बिस्किटाचा पुडा, नव्या चपला, शिवाय मोबाइलचे रिचार्ज. एकेक वस्तू बाई माझ्या हातात देत आणि विचारत, “यावर कर आहे?” मी कर कार्यालयातला माणूस, खोटे बोलायची सोय नव्हती. दर वेळी ‘आहे’ म्हणत गेलो.

हौसाबाईंनी सगळे ऐकून घेतले. “म्हंजे मी बी भरते. तुमी भरता, त्याची तुमाला पावती मिलते?”

“मिळते.”

“म्हनून तुमी जोरात बोलता. मंग माजी पावती कुटं हाय?”

मी हातातला साबण पिशवीत परत ठेवू लागलो. बाई मात्र त्यांच्याशेजारी ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “आज माझ्याकडे उत्तर नाही, हौसाबाई. शोधते.”

निबंध नव्याने लिहिण्यात दहा-बारा दिवस गेले. यादी बंद झाली, बढती हुकली. मी बाईंवर खूप चिडलो होतो. त्यांचा एक नियम होता : ज्याच्याकडून शिकलात, त्याच्याच हातून प्रमाणपत्र घ्यायचे. त्याप्रमाणे हौसाबाई महाविद्यालयात आल्या आणि त्यांनी माझ्या हातात कागद ठेवला. माझा राग तिथेच उतरला, पण बाईंना हे सांगायचे आजवर राहून गेले.

माझी हुकलेली बढती बाईंच्या मनाला लागली असावी. पुढचे वर्षभर दर रविवारी त्यांनी मला घरी बोलावून खात्याच्या परीक्षेचा अभ्यास करून घेतला. फीचे विचारले, की थालीपीठाची बशी पुढे सरकवत. बढती मिळाली. आता माझ्या टेबलाशी कोणीही आले, तरी मी आधी बसायला सांगतो आणि बेताच्या आवाजात बोलतो.

पंचाहत्तरीची शाल कोणाच्या हस्ते द्यायची, यावर सत्कार समितीत मोठमोठी नावे निघाली. बाईंनी एका वाक्यात विषय मिटवला, “नियम मला वेगळा का?” म्हणून गेल्या आठवड्यात मी वाडीवर जाऊन आमंत्रण दिले.

“येते ना,” हौसाबाई म्हणाल्या. “पन बाईंना सांगा, माज्या सवालाचा जवाब अजून बाकी हाय.”

मी निरोप पोचवला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची जाड वही उघडून दाखवली. पहिल्या पानावर हौसाबाईंचा प्रश्न, खाली आठ वर्षांत लिहिलेली आणि खोडलेली उत्तरे. अर्धी वही अजून कोरी आहे. बाई, ती भरेपर्यंत तुमची प्रकृती खणखणीत राहो, आणि मग दुसरी वही मी आणून देईन. वाडीवर त्या उत्तराची वाट पाहणारे कोणीतरी आहे, आणि ते द्यायला जाऊ तेव्हा पळस्पे फाट्यावर मी तुमच्याआधी येऊन थांबेन.