मालगाडी म्हणून सोडून दिलेली लाट

चूक माझी होती, म्हणून हा प्रवास.

नरडाण्याजवळच्या एका गावात अक्का नावाच्या शेतकरी बाईंच्या गोठ्यामागे आमच्या भूकंप केंद्राचं भूकंपमापक आहे. त्याच्या नोंदीत भूकंपाची लाट कधी पोचली, ते संगणक आपोआप ओळखतो. आत्ताची थरथर नेहमीच्या किती पट, एवढंच तो पाहतो. किती पटीला खूण करायची, ते मी ठरवतो. जवळून जाणाऱ्या मालगाड्यांवरही तो खुणा करू लागला, तेव्हा वैतागून मी ती पट वाढवली. मग एका सकाळी जमीन हलली म्हणून अक्कांनी अख्खी गल्ली बाहेर काढली आणि मला फोन लावला. पडद्यावर खूण नव्हती.

"मालगाडी असेल," मी म्हणालो. फोन स्पीकरवर होता. गल्ली हसलेली मला ऐकू आली.

बऱ्याच दिवसांनी ती नोंद मी स्वतः उघडली. आधी बारीक लाट, मागून मोठी. मालगाडी अशी येत नाही. ती हळूहळू फुगते आणि ओसरते.

भुसावळला गाडीत बसलो. जळगाव गेलं, केळीच्या बागा सरल्या, कापूस लागला. ऊन, वेचणाऱ्या बायकांचे रंगीत पदर, रुळांचा ठेका, सगळं नोंदीतल्यासारख्या एका लांब रेघेवर वाहत होतं. रेघ उसळेल आणि मी झोपलेला असेन, असं वाटून दचकायचो. अमळनेरला शेजारच्या आबांनी बोरं दिली.

"कोठे उतरनं शे, भाऊ?"

"नरडाण्याला."

"मंग जपू नका" (झोपू नका).

तरी झोपलोच. त्यांनीच हलवून उतरवलं.

गावात शिरलो तर टपरीवरून कोणी ओरडलं, "अक्का, मालगाडी उनी, पया!" (आली, पळा). चाऱ्याचा भारा घेतलेल्या अक्का न थांबता निघून गेल्या.

घरी त्यांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि भरीत वाढलं. मी सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे हाललंच व्हतं," त्या म्हणाल्या. "मांगे परत हाललं. मी गप बठनू" (गप्प बसले).

"माफ करा, अक्का."

"माले काय सांगतस? त्यासले सांगा" (टपरीवरच्यांना).

टपरीवर माणसं सरकली, कोणी चहा पुढे केला. मी उभाच राहिलो. अक्का मागे पदर सावरत थांबल्या होत्या.

"फोनवर मीच होतो," मी म्हणालो. "तो भूकंपच होता. नोंद न बघता मी अक्कांना खोटं पाडलं. पुन्हा त्यांनी हाक मारली, तर घराबाहेर या. अक्का, या सगळ्यांसमोर मी तुमची माफी मागतो."