प्युरिटन पोरीचं काम

सनावळ्या घोकून इतिहास कळतो असं मानणाऱ्यांना एकदा दुपारनंतर सातवीच्या वर्गावर उभं करायला हवं. अर्जुनी मोरगावकडच्या आमच्या शाळेत मी ते भोगलं आहे. अमेरिकेत जाऊन वसलेले प्युरिटन, म्हणजे धर्म शुद्ध करायला निघालेले कर्मठ इंग्रज, एवढं ऐकूनच पोरं पेंगायची. मग मीच एक गोष्ट लिहिली. जहाजातून तिकडे गेलेल्या एका प्युरिटन मुलीची. रविवारी खेळायचं नाही, दिवसभर प्रार्थनाघरात ताठ बसायचं. डुलकी लागली की काठीवाला येऊन टोचणार. काठीवाला पोरांना फार आवडला. तिथली मूळची बाई त्या मुलीला मक्याच्या बियाण्याखाली मासोळी पुरायला शिकवते, तिथं एकजण ओरडलाच, "मातीत कायले? खाल्ली काऊन नाही?"

गोष्टीचं सगळ्यात जास्त वेड लागलं ते जंगलालगतच्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, येणाऱ्या एका गोंड मुलीला. बाप वनखात्यात रोजंदारीवर. एरवी वर्गात तोंडातून शब्द न काढणारी ही पोर प्युरिटन मुलीचे संवाद असे म्हणायची, की मी लिहिलेलं मलाच खरं वाटायचं. स्नेहसंमेलनात या गोष्टीचं नाटक ठरलं तेव्हा मुख्य काम मी तिलाच दिलं. टोल्यावर रोज संध्याकाळी तिची तालीम चालते, बाया-माणसं ऐकायला जमतात, अशी बातमी पोरं आणत.

संमेलन आठवड्यावर आलं आणि मुख्याध्यापक तालीम बघायला आले. "मॅडम, नाटक गोऱ्यांचं आहे. पाहुणे येऊन राहिले. थोडं तरी तसं दिसायले पाहिजे का नाही?" तिचं काम संस्थेच्या अध्यक्षांच्या नातीला गेलं. "आणि हिले आदिवासी बाई करा. रंग लावायचंबी काम नाही." या विनोदावर ते स्वतःच हसले.

मी भांडले. चांगला आवाज चढवून भांडले. म्हटलं, अध्यक्षांची नात तरी कुठं गोरी आहे? पावडरचा डबा रिकामा करावा लागेल तिच्यासाठी. ते म्हणाले, "तुम्हाले जमत नसन तं नाटक कॅन्सल. दुसऱ्या मॅडम डान्स बसवतील." त्यांचे आणि माझे पूर्वज माळव्यातून इकडे आले. लग्नकार्यात ते ऐकवल्याशिवाय आमच्या लोकांना जेवण पचत नाही. दुसऱ्याच्या मुलखात जाऊन घर करणाऱ्यांची गोष्ट निदान आम्हाला तरी कळायला हवी होती. पण गाढवापुढं वाचली गीता, दुसरं काय! नाटकातल्या आदिवासी बाईची दोन वाक्यं होती, तीही मुख्याध्यापकांनी वेळ नाही म्हणून कापली.

पोरीला मी म्हटलं, तुला नको असेल तर करू नकोस.

"करतो मॅडम," ती म्हणाली. "बाबा येऊन राहिले ना."

संमेलनात ती डोक्यात कोंबड्याची पिसं खोचून आली. गोऱ्या मुलीच्या हातात मक्याचं कणीस ठेवलं आणि सांगितल्याप्रमाणे हात जोडून कोपऱ्यात उभी राहिली, पडदा पडेपर्यंत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांच्या नातीला बक्षीस मिळालं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

नंतर तिचा बाप मला शोधत आला. अंगात धुतलेला सदरा, मागे टोल्यावरची पाच-सात माणसं. काम बदलल्याचं पोरीनं घरी सांगितलंच नव्हतं.

"मॅडम, पोरगी बोललीच नाही. घरी तं सारं तोंडपाठ म्हणे. इथं ते त्या दुसऱ्या पोरीनंच म्हटलं. विसरली का जी?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "हो बाबा. विसरली मी."

आणि माझ्याकडे तिनं 'सांगू नका' अशा नजरेनं पाहिलं. बापानं तिच्या डोक्यातली पिसं एकेक करून काढली, केस सारखे केले.

"जाऊ दे माय. भेव लागला असन. पुढच्या साली बोलजो."