कोपऱ्यातला बांध

आमचं शेत भांडुपला, घराच्या मागच्या दारातून उतरलं की लगेच. कापणी झाली की बाबा आणि काका कुदळी घेऊन बांधावर उंदरांची बिळं खणायचे. उंदीर लोंब्या तोडून आत साठवतात. एखाद्या बिळातून टोपलीभर भात निघायचं. ते धुऊन, वाळवून, उखळात सडून आम्ही खायचो. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. भात आमचंच होतं, उंदरांनी फक्त सांभाळलेलं.

निवडुंगाच्या कोपऱ्यातला बांध मात्र आजोबांच्या वेळेपासून कुणी खणत नसे. का, ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. त्या निवडुंगात मुंगसं राहायची.

एखाद्या वर्षी उंदीर असे माजायचे की उभ्या पिकात वाटा पडायच्या, आणि एखाद्या वर्षी औषधालाही सापडायचे नाहीत. मुंगसंही त्यांच्या मागोमाग वाढायची आणि कमी व्हायची. कौलांखालचे काळे उंदीर वेगळे, ते शेतात उतरत नसत. चिचुंद्री भिंतीच्या कडेनं फिरायची. आई तिच्यावर झाडू उगारायची, पण मारायची नाही, कारण ती झुरळं खायची. अंगणात आईच्या कोंबड्या. एवढी सगळी एका आवारात नांदत होती आणि आम्हाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग ताईचं लग्न ठरलं. चर्चमध्ये लग्नाचे पुकारे व्हायच्या आधीच आईनं गावभर सांगून टाकलं, की मुलाकडच्यांना घरच्या कोंबड्यांचं जेवण घालणार. मुलाकडचे वसईचे, खाण्यात फार चोखंदळ. आई कोंबड्यांना ताईपेक्षा जास्त जपायला लागली, हे मी आजही म्हणेन.

लग्नाला तांदूळही भरपूर हवा होता. यंदा कोपराही खणा, असं आईच म्हणाली. "उंदरांसाठी कशाला ठेवायचं?" बाबांनी जरा कां कूं केलं आणि खणला. भात छान निघालं. उंदीर पळाले, मेले, कुत्र्यांनी खाल्ले. शेतात एक बीळ उरलं नाही.

नाताळ झाला आणि कोंबड्या जायला लागल्या. आईनं आधी शेजारच्या बोक्याला शिव्या घातल्या. मग एका दुपारी तिच्या डोळ्यांदेखत मुंगूस एक तलंग कोंबडी मानेला धरून निवडुंगात घेऊन गेलं. बाबांनी सापळा लावला, तर त्यात चिचुंद्री अडकली. खुराड्याला जाळी ठोकली, तर मुंगसं खालून उकरून आत शिरली.

लग्नात डुकराचं मटण पोटभर होतं. कोंबडी फक्त विहिणीच्या ताटात.

"विहीणबाई, कोंबड्या कुठं गेल्या गं?" ताईच्या सासूनं आईला विचारलं.

"मुंगसांनी नेल्या."

"बरं झालं. त्यांच्याकडंही लग्न असेल."

सगळे हसले, ताईसुद्धा. आई चुलीपाशी जाऊन पदरात तोंड घालून रडली. मला त्या बाईचा इतका राग आला, की तिनं दिलेला लाडू मी कुत्र्याला घातला.

पुढच्या कापणीनंतर बाबा आणि काका कुदळी घेऊन निघाले. उंदीर पुन्हा आले होते, कोपऱ्यात चांगली बिळं दिसत होती. आई हातातलं काम टाकून त्यांच्या आधी तिथं पोचली आणि बांधावर फतकल मारून बसली.

"याला कुदळ लावायची नाही," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही अजून सासरी जायचीय."