अक्कांचं फुलावर आलेलं अंगण

जळगावच्या दवाखान्यातून अक्कांचा शेवटचा फोन आला, तो तब्येतीबद्दल नव्हताच. "सुमन, तुळशीन्या मंजिऱ्या कोणी तोडतीन, ध्यान ठेवजो." एवढं बोलून त्यांना धाप लागली आणि त्यांनी फोन नानांकडे, म्हणजे आपल्या नवऱ्याकडे दिला... मग एका सकाळी नानांचाच फोन आला. अक्का गेल्या होत्या.

चोपड्यातल्या आमच्या कॉलनीत अक्कांचं घर माझ्या घराला लागूनच. त्यांचं रान माजलेलं अंगण पाहून नवं माणूस म्हणे, या घरात कोणी आजारी आहे का? शेपू, कोथिंबीर, मुळा, काहीही असो. निम्मं खुडायचं आणि निम्मं फुलावर जाऊ द्यायचं, ही त्यांची रीत. मंजिऱ्या खुडल्या की तुळस फोफावते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण अक्का हात लावू देत नसत. मंजिऱ्यांचा तुळशीला भार होतो, असं सांगून शेजारणींनी त्यांना धर्मही शिकवून पाहिला. "बठ्ठं आपनच खासूत, ते माशीसले काय उरी?" सगळं आपणच खाल्लं तर माश्यांना काय उरेल, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मधमाश्यांना टेकायला परातीत खडे आणि वर पाणी. लिंबाच्या झाडाला फुलोरी, म्हणजे लहान मधमाश्यांचं तळहाताएवढं पोळं होतं, ते नानांना अजिबात खपायचं नाही. एकदा कानाला माशी चावली तेव्हा त्यांनी सारं घर डोक्यावर घेतलं होतं, आणि अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. खरं सांगायचं तर मीही.

तेराव्याच्या आधी पारोळ्याहून अक्कांचे भाचे आले. मुलं गुणाची. लोक येतील, मांडव पडेल, बाई गेली तर अंगणाची काय दशा झाली असं कोणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी मायेनंच सगळं उपटलं. मंजिऱ्या खुडल्या. धूर करून पोळं उठवलं. मी अडवायला गेले तर म्हणाले, "मावशी, पंगतीत कोणाला चावतील ना!" दुःखाच्या घरात मी तरी किती भांडणार? नाना खुर्चीवर बसून नुसते पाहत होते. ते लख्ख अंगण बघून मला रडू फुटलं. अक्का गेल्या, हे मला त्या दिवशी खरं वाटलं.

गिलक्याची, म्हणजे घोसाळ्याची एक वेल तेवढी माझ्या बाजूच्या तारेवर चढली होती, म्हणून वाचली. फुलं भरपूर, पण गिलकं धरेना. इवलंसं दिसायचं आणि पिवळं पडून गळायचं. परवा सकाळी बाहेर आले तर नाना स्टुलावर उभे. एक फूल तोडून ते दुसऱ्या फुलावर हलकेच घासत होते.

"नाना, काय करी राहिनात?"

"माशा येतस नही आते. मंग कोनले ते करनं पडी."

माश्यांचं काम कोणाला तरी करावंच लागणार होतं, पण नाना नराचं फूल नरालाच लावत होते. मी म्हटलं, नाना, ज्या फुलाच्या मागे बोटाएवढं गिलकं दिसतं ना, ते मादीचं. त्याला लावा.

नाना स्टुलावरून हळूहळू खाली उतरले. हातातल्या फुलानं त्यांनी वेलीखालची जागा दाखवली.

"रोज आठेच उभी राहे ती..." ते म्हणाले, "पन काय करे ते इचारानं राही गयं."